आधार कोठे आहे?



काही वर्षांपूर्वी लातूर येथील एका व्याख्यानमालेत किल्लारीच्या भूकंपाविषयी बोलण्याचा प्रसंग आमच्यावर आला होता. बोलण्याच्या ओघात आम्ही मृतांचा एक आकडा सांगितला आणि पुढे गेलो. व्याख्यान संपले, आभार झाले, आणि लोक उठण्याच्या बेतात असता पुढच्या रांगेतील एक वयोवृद्ध गृहस्थ उभे राहिले. निवृत्त शिक्षक असावेत. ते म्हणाले, "गेल्या वर्षी याच व्यासपीठावरून दुसऱ्या वक्त्यांनी तुमच्याहून अठराशेंनी मोठा आकडा सांगितला होता. दोहोंतला खरा कोणता? आणि तो तुम्ही घेतला कोठून?" आम्ही तो कोठेतरी वाचला होता, एवढेच आम्हांला सांगता आले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "या अठराशेंत आमच्या गावची माणसं येतात की नाही, एवढंच कळायला हवं होतं." आणि ते खाली बसले.

त्या रात्री नांदेडला परत येताना हे वाक्य आमच्या मनातून जाईना. आम्ही इतिहासावर बोलणारी माणसे. सनावळ्या आणि आकडे हे आमचे रोजचे चलन. पण हे चलन कोणत्या टांकसाळीतले, हे विचारले की आमची जीभ अडखळते. आजचे हे निवेदन त्या प्रश्नातून निघाले आहे. पुस्तकाच्या तळाशी बारीक अक्षरांत जी टीप असते, आणि शेवटी जी संदर्भग्रंथांची यादी असते, तिचा इतिहास आज आपणांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे. अलीकडे हे काम यंत्र करू लागले आहे. संगणकाच्या पानावर लेखकाने एक खूण घालावी, की टीप आपोआप योग्य त्या घाटात उमटते. हे यंत्र काय करते आणि काय करीत नाही, हे समजावयाचे तर टिपेचा जन्म कशातून झाला हे आधी पाहिले पाहिजे.

टीप म्हणजे विद्वत्तेचा दागिना, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. टीप हा वाचकाला दिलेला पत्ता आहे. हे विधान अमुक माणसाने केले, ते अमुक जागी आहे, आणि माझ्यावर विश्वास नसेल तर तेथे जाऊन पाहा, असे लेखक त्यातून सांगत असतो. या तीन गोष्टींपैकी एक जरी गळाली तरी टीप लंगडी होते.

हा विचार पश्चिमेकडून आला, असे अनेकांना वाटते. छापील टिपेचा घाट तिकडून आला, हे खरे. पण आधार सांगण्याची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथ पाहा. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड ग्रंथ रचला. त्यात पानोपानी वचन कोणाचे हे नाव घेऊन सांगितले आहे. कोणत्या स्मृतीतले, कोणत्या पुराणातले, हे तो सांगतो. विसाव्या शतकात महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. त्यांचे हे काम १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे चालले. त्यांच्या पानावर मजकुरापेक्षा टिपांनी अधिक जागा घेतल्याचे अनेकदा दिसते. काण्यांच्या त्या टिपांच्या मागे हेमाद्रीसारख्या निबंधकारांची सवय उभी आहे.

पण आमच्या मते मराठीतील आधारनिष्ठेचे सर्वांत सुंदर उदाहरण हेमाद्रीच्याच काळातले, आणि त्याच्याहून अगदी निराळ्या माणसांचे आहे. आपल्या नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभाव पंथाचे पवित्र स्थान. श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी स्वामींच्या आठवणी गोळा करण्याचा संकल्प केला. शके १२०० च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. म्हाइंभटांनी हे घरी बसून लिहिले नाही. ज्याच्यासमोर प्रसंग घडला, त्याला गाठावयाचे, त्याच्याकडून ऐकावयाचे आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यावयाचे, अशी त्यांची रीत परंपरेने सांगितली आहे. पुढे धामधुमीच्या काळात मूळ प्रत नाहीशी झाली आणि पंथातील मंडळींनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली, अशीही परंपरा आहे. आता हे ज्यांनी केले त्यांची सचोटी पाहा. एखादी लीळा दोन तऱ्हांनी आठवत असेल, तर त्यांनी एक तऱ्हा खोडून टाकली नाही. हिराइसेचा पाठ असा, परशरामबासांचा शोध असा, असे नाव घेऊन दोन्ही नोंदविले. कोण काय म्हणते हे सांगावे आणि वाचकाला निवडू द्यावे, ही गोष्ट मराठी गद्याने आपल्या बाळपणीच शिकलेली होती. पोथीच्या मजकुरातच घातलेली ती नावे म्हणजे मराठीतल्या पहिल्या संदर्भटिपा, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

पुढे बखरींच्या काळात ही शिस्त ढिली झाली. बखरकाराला धन्याची आज्ञा असे. आपण कोठून ऐकले हे सांगण्याची गरज त्याला क्वचितच भासे. म्हणून बखर वाचताना मौज वाटते, पण एका बखरीतला प्रसंग दुसरीत निराळा निघाला की वाचक चौकात उभा राहतो आणि रस्ता विचारावयाला कोणी नसते.

१८२६ साली ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध झाला. त्यात टिपा होत्या. डफला साताऱ्याची दप्तरे पाहावयास मिळाली होती आणि आपण कोणत्या कागदाच्या आधारे लिहितो हे तो सांगत होता. आपण वापरलेल्या काही लेखांच्या प्रती मुंबईत विद्वानांच्या संस्थेपाशी ठेवल्या आहेत, असेही त्याने नमूद केले होते. म्हणजे पत्ता दिला होता. परंतु पुढच्या पिढीतील मराठी तरुण जेव्हा तो पत्ता घेऊन निघाले, तेव्हा त्या जागी कागद सापडेनात. नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थ्याने १८६० नंतरच्या दशकात डफच्या ग्रंथावर निबंध लिहून त्याची परीक्षा केली. मराठ्यांचा इतिहास मराठ्यांनी मूळ कागदांवरून पुन्हा तपासला पाहिजे, ही हाक तेथून सुरू झाली. टीप खोटी नव्हती. ज्या दाराकडे ती बोट दाखवीत होती, ते दारच बंद झाले होते. हा प्रसंग आपण ध्यानात ठेवावा. पुढे यंत्राच्या प्रकरणात तो आपणांस पुन्हा भेटणार आहे.

कीर्तन्यांच्या त्या हाकेला सर्वांत मोठे उत्तर दिले ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि खंडांची संख्या बावीसवर गेली. राजवाड्यांनी केले काय? गावोगाव पायपीट करून दप्तरे गाठली, पत्रे नकलून घेतली आणि प्रत्येक पत्राला क्रमांक देऊन ती जशीच्या तशी छापली. त्यामुळे पुढचा अभ्यासक 'राजवाडे, खंड अमुक, लेखांक अमुक' एवढेच लिहून मोकळा होऊ लागला. या चार शब्दांनी मराठी इतिहासलेखनाची भाषा बदलली. नांदेडचा वाचक आणि पुण्याचा वाचक एकाच कागदावर बोट ठेवून भांडू शकू लागले. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही याच पायावर.

पण राजवाड्यांच्या पदरीही एक उणीव आहे, आणि ती आपल्या मराठवाड्याशी निगडित आहे. बीडजवळ पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्या शुद्धीकरणापूर्वीची आहे, असे त्यांचे मत होते, आणि तिच्यावरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. पाठांवर वाद झाला, तसा तो व्हावयाचाच. परंतु वाद मिटविण्यासाठी मूळ पोथी पाहावी म्हटले, तर ती पुढे अभ्यासकांस उपलब्ध राहिली नाही. ज्या माणसाने महाराष्ट्राला अस्सल कागदाचा आग्रह शिकविला, त्याच्याच एका ग्रंथाचा अस्सल कागद आज दाखविता येत नाही. राजवाड्यांविषयी आमचा आदर यामुळे तसूभरही कमी होत नाही. मात्र थोर माणसाचा शब्द हा पुराव्याच्या जागी ठेवता येत नाही, हे यावरून शिकावे.

आता आपल्या दारी येऊ. लातूरकरांना अभिमानाने सांगावीशी वाटणारी एक गोष्ट म्हणजे राष्ट्रकूटांचे मूळ गाव लातूर होय. प्रत्येक स्मरणिकेत हे वाक्य असते. त्याखाली टीप क्वचित असते. टीप द्यावयाची झाली तर काय निघते? कर्नाटकातील शिरूर येथील इ.स. ८६६ च्या शिलालेखात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष यास 'लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी' अशा अर्थाचे बिरुद लावले आहे. ही एक गोष्ट झाली, आणि ती दगडावर कोरलेली आहे. ते लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, ही दुसरी गोष्ट. ती विद्वानांनी नामसाम्यावरून व इतर अनुमानांवरून ठरविलेली आहे. ती बहुतेकांस मान्य आहे, तरी ती अनुमानच आहे. वाक्य एक, पण त्याच्या पोटी दोन विधाने, आणि दोहोंचे आधार निराळे. टीप लिहावयास बसले की हे वेगळेपण आपोआप ध्यानात येते. टीप ही अशी लेखकालाच शिस्त लावते.

मराठवाड्यात या कामाला आणखी एक अडचण होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात. सरकारी लिहिणे आधी फारसीत, मग उर्दूत. आपल्या आजोबांच्या जमिनीचा कागदही घरातल्या मुलांना वाचता येत नसे. आणि निजामाच्या दप्तराचा मोठा भाग आजही हैदराबादेतच आहे. त्यामुळे आपल्या प्रांताचा इतिहास लिहिणाऱ्याला भाषा आणि अंतर अशा दोन भिंती ओलांडाव्या लागत. त्या ओलांडणारा एक माणूस आजच्या लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे १९१० साली जन्मला. सेतु माधवराव पगडी यांचे नाव आपणांस ठाऊक आहे. हैदराबाद संस्थानात त्यांनी अधिकारपदे भूषविली, गोंडांमध्ये राहून गोंडी भाषा अभ्यासली, आणि मोगल दरबाराची फारसी बातमीपत्रे मराठीत आणली. बातमीपत्राला तारीख असते, छावणीचे ठिकाण असते. पगडींच्या या श्रमामुळे, फारसीचे अक्षर न जाणणारा मराठी वाचकही औरंगजेबाच्या छावणीत अमुक दिवशी कोणती बातमी आली, हे बोट ठेवून दाखवू शकू लागला. भाषांतर हेही आधाराचे दार उघडण्याचेच काम आहे.

नांदेडच्या श्रोत्यांपुढे नरहर कुरुंदकर यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे बरे दिसणार नाही. १९३२ साली कुरुंद्याला जन्मलेला आणि पीपल्स कॉलेजात शिकविणारा हा माणूस व्याख्यानांनी महाराष्ट्र गाजवीत होता. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीच्या आरंभी कुरुंदकरांचे दीर्घ पत्र छापलेले आहे. कादंबरीच्या दारात इतिहासाच्या साधनांची एवढी छाननी व्हावी, हा योग मराठीत विरळा. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे त्यांचे निधन झाले. ते गेल्यावर अनेक सभांत 'कुरुंदकर असे म्हणाले होते' हे वाक्य ऐकू येते. कोठे म्हणाले, केव्हा म्हणाले, हे विचारले की वक्ता हसतो. व्याख्यानाला तळटीप नसते, हा आम्हा वक्त्यांचा मोठा आधार आहे आणि मोठी पळवाटही.

आता यंत्राकडे वळू. यंत्रापूर्वी सूची होती. शंकर गणेश दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची' तयार केली. पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांचा, दुसरा १९३८ ते १९५० चा. एका माणसाने दीडशे वर्षांच्या मुद्रित मराठीची नोंद करावी, हे काम किती कष्टाचे असेल याची कल्पना ज्याने स्वतःच्या घरातील दोनशे पुस्तकांची यादी करून पाहिली असेल त्यालाच येईल. दात्यांनी एक गोष्ट जाणली होती. पुस्तकाची ओळख पटविण्यास ठरावीक बाबी लागतात: लेखक, नाव, प्रकाशक, गाव, वर्ष, पृष्ठे. या बाबी दर वेळी त्याच क्रमाने लिहिल्या, तर हजारो पुस्तकांतून एक अचूक काढता येते. ग्रंथालयातील खणांत जी पत्रे असत त्यांचेही तत्त्व हेच. १९७० मध्ये पुस्तकांना आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक देण्याची पद्धत सर्वमान्य झाली. पुस्तकाच्या पाठीवर रेघोट्यांखाली जो लांब आकडा दिसतो तो हाच. २००० सालापासून शोधनिबंधांनाही असे कायमचे क्रमांक मिळू लागले.

यंत्राने या पत्रांच्या खणावर एक कळ बसविली. १९८५ साली ओरेन पातश्निक या तरुण गणकशास्त्रज्ञाने बिबटेक नावाची योजना सिद्ध केली. तिची युक्ती साधी आहे. लेखकाने आपल्या पुस्तकांची नोंदवही एकदाच करून ठेवावयाची. लेखकाचे नाव एका रकान्यात, ग्रंथाचे दुसऱ्यात, वर्ष तिसऱ्यात. प्रत्येक नोंदीला एक छोटी खूण. लिहिताना जेथे आधार द्यावयाचा तेथे केवळ ती खूण घालावयाची. नंतर यंत्र नोंदवही उघडते, खुणा जुळवते, आणि ज्या नियतकालिकाला जसा घाट हवा तशी टीप आणि शेवटची यादी मांडते. वर्ष आधी हवे की शेवटी, नाव तिरप्या अक्षरांत हवे की अवतरणात, हे सारे एका निराळ्या नियमपत्रिकेत असते. पत्रिका बदलली की पाचशे टिपा क्षणात बदलतात. पूर्वी संशोधक विद्यार्थ्याचे यात आठवडे जात.

२००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातून झोटेरो हे विनामूल्य साधन आले. संगणकाच्या पडद्यावर एखादे पान उघडे असेल तर ते त्या पानाच्या पोटात लपवून ठेवलेली लेखक, नाव, दिनांक ही माहिती स्वतः वेचून घेते. आज अशा नियमपत्रिकांची संख्या दहा हजारांवर गेली आहे. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ सालचा. तेथेही पुस्तकाचा क्रमांक घातला की टीप आपोआप भरता येण्याची सोय होत गेली. आणि जेथे आधार नसेल तेथे वाचकच 'संदर्भ हवा' अशी खूण करू शकतो. लातूरच्या त्या निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आता मजकुराच्या आतच विचारता येतो, ही आम्हांस मोठी गोष्ट वाटते.

आमच्या भागातही हे साधन हळूहळू रुजते आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. विद्यापीठांचे प्रबंध आता 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहात ठेवले जातात आणि घरबसल्या वाचता येतात. पूर्वी प्रबंध कपाटात जाऊन झोपत असे. आता त्यातील टीप कोणीही तपासू शकतो, म्हणून ती नीट लिहिण्याची गरज वाढली आहे.

मात्र या यंत्राचे घडणे इंग्रजीच्या अंगणात झाले, आणि मराठी नावे त्याला उमगत नाहीत. आपण ज्यांच्या नावाचे विद्यापीठ सांगितले त्यांचेच उदाहरण घ्या. यंत्राला ठाऊक असते की शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. म्हणून 'स्वामी रामानंद तीर्थ' हे नाव ते 'तीर्थ, स्वामी रामानंद' असे उलटवते आणि त अक्षराखाली नेऊन बसविते. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचा हा नेता पूर्वाश्रमीचा खेडगीकर. संन्यास घेतल्यावर आडनाव सोडून दिलेल्या माणसाला यंत्र पुन्हा आडनाव चिकटवते! दासोपंतांचे ते काय करील, हे सांगावयास नको. पगडींचे नाव कोणी 'सेतु माधवराव' असे तोडून लिहितो, कोणी 'सेतुमाधवराव' असे जोडून; यंत्राच्या लेखी ही दोन माणसे होतात आणि एकाची ग्रंथसंपदा दोन घरांत वाटली जाते. शके १२०० हे वर्ष रकान्यात घातले तर यंत्र ते इसवी सन समजते आणि म्हाइंभटांना अठ्ठ्याहत्तर वर्षे मागे ढकलते.

गावांचेही असेच. किल्लारी हे गाव औसा तालुक्यातले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा निर्माण झाला; त्यापूर्वीच्या कागदांत किल्लारीचा शोध घ्यावयाचा तर उस्मानाबाद जिल्ह्यात घ्यावा लागतो, आणि त्या जिल्ह्याचे नाव आता धाराशिव आहे. हे यंत्राला कोणी सांगावयाचे? ते आपणच सांगितले पाहिजे. नावांचे हे नियम मराठी ग्रंथपालांनी आणि प्राध्यापकांनी बसून ठरविले व यंत्राला शिकविले, तर ते निमूटपणे पाळील. दोष यंत्राचा कमी आणि आपल्या आळसाचा अधिक आहे.

यापेक्षा गंभीर दोन धोके आहेत. पहिला धोका ग्रँट डफच्या कागदांचा. संगणकावरील पान आज असते, उद्या नसते. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. टीप सुबक, पत्ता अचूक, आणि दार बंद. यावर उपाय म्हणून इंटरनेट अर्काइव्ह ही १९९६ मध्ये स्थापन झालेली संस्था पानांच्या नकला जपून ठेवते. राजवाडे पत्रे नकलून घेत, त्याच जातीचे हे काम आहे.

दुसरा धोका त्याहून नवा आहे. आता यंत्र केवळ टीप मांडत नाही, ती रचूही लागले आहे. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात २०२३ साली वकिलांनी जुन्या खटल्यांचे दाखले दिले. ते संभाषण करणाऱ्या यंत्राकडून घेतलेले होते. खटल्यांची नावे होती, क्रमांक होते, घाट बिनचूक होता. ते खटले मात्र कधी झालेलेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. बखरकाराने आधार दिला नाही, तर वाचक निदान सावध राहतो. येथे खोट्याला टिपेचा अंगरखा घातलेला असतो, आणि नीटस अंगरखा पाहून आपण आत कोण आहे हे विचारावयाचे विसरतो. स्वल्पविराम योग्य जागी आहे की नाही हे यंत्र पाहते. त्या पानावर ते वाक्य आहे की नाही, हे पान उघडणाऱ्या माणसालाच कळते.

म्हणून आमच्या तरुण मित्रांना आम्ही असे सुचवू की, यंत्र जरूर वापरावे. स्वल्पविरामात आयुष्य घालविण्यात पुरुषार्थ नाही. जो वेळ वाचेल तो मात्र मूळ पान उघडण्यात खर्च करावा. जे पुस्तक आपण हातात धरले नाही, ते धरल्यासारखे टिपेत लिहू नये. दुसऱ्याच्या पुस्तकात वाचले असेल तर तसे सांगावे. हिराइसेचा पाठ नोंदविणाऱ्यांना यात कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर देऊन हे निवेदन पुरे करतो. त्या रात्रीनंतर आम्ही शोध घेतला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. गणपती विसर्जनाची ती रात्र. लोक उशिरा येऊन झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्यावर कोसळल्या. शासनाच्या व पुनर्वसनाच्या कागदांत मृतांची संख्या ७,९२८ अशी येते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत किमान ९,७४८ असा आकडा आहे. आम्ही व्यासपीठावरून सांगितला होता तो पहिला. आधीच्या वर्षीच्या वक्त्यांनी सांगितला असावा तो दुसरा. दोघेही खोटे बोलले नव्हते, पण दोघांनीही कोणाचा आकडा हे सांगितले नव्हते. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हाती दोन आकडे आणि एक संशय एवढेच उरले.

दोन आकड्यांमध्ये १,८२० माणसांचे अंतर आहे. ते कसे पडले, कोणत्या यादीत कोण मोजले गेले, जखमी होऊन पुढे रुग्णालयात दगावलेल्यांची नोंद कोठे लागली, हे गावनिहाय याद्या हाती धरल्यावाचून सांगता यावयाचे नाही. ते काम पुण्यामुंबईच्या कोणी येऊन करावे अशी वाट न पाहता लातूर-नांदेडच्या एखाद्या विद्यार्थ्याने अंगावर घ्यावे, अशी आमची फार इच्छा आहे. त्याने गावोगाव जावे, ज्याने पाहिले त्याला विचारावे, आणि दोन माणसे दोन तऱ्हांनी सांगतील तर दोन्ही नावानिशी लिहून ठेवावे. यादी मांडण्याचे काम यंत्र चुटकीसरशी करील. एकेका नावापुढे ते कोणी सांगितले, हे लिहावयाला मात्र तेथे जावे लागेल.

ते गृहस्थ पुन्हा भेटले तर त्यांच्या गावची माणसे या हिशेबात आहेत की नाहीत, हे आम्ही आजही सांगू शकणार नाही. पण ते शोधावयाचे कोठे, एवढे सांगू शकू. त्या रात्री आम्ही तेवढेही सांगू शकलो नव्हतो.